कमरेला रुमाल बांधलेला प्रभू: ख्रिस्ती विचारात सत्ता म्हणजे काय

मराठीत सत्ता नेहमी उंचावर असते. माणूस गादीवर बसतो, वरच्या पदावर जातो, त्याच्या हाताखाली माणसं येतात, आणि सत्ता गेली की तो 'पायउतार' होतो. खाली येणं म्हणजे हरणं, हे आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. म्हणून सत्तेविषयीचा ख्रिस्ती विचार समजावून सांगताना मला याच शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या, बायबलमधल्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार ग्रंथांपैकी एकाच्या) तेराव्या अध्यायात एक गुरू अक्षरशः शिष्यांच्या पायांपर्यंत उतरतो. त्याचा अधिकार त्यामुळे जात नाही. तो अधिकार कसा आहे, हे शिष्यांना तिथेच पहिल्यांदा दिसतं.

"सेवा हीच खरी सत्ता" हे वाक्य चर्चमध्ये इतक्या वेळा कानावर पडतं की ते गुळगुळीत झालं आहे. ऐकायला गोड, मान डोलवायला सोपं. खरं तर ते फार अवघड वाक्य आहे, आणि चुकीच्या माणसाला ऐकवलं तर क्रूरही आहे. ते नीट समजून घ्यायचं तर ज्या प्रसंगांतून ते आलं, तिथवर मागे जावं लागतं.

पाण्याचं भांडं

येशूला ज्या रात्री अटक झाली, त्याच रात्रीचं जेवण. त्या काळी मेजवानीचं जेवण कुशीवर रेलून, पाय मागे सोडून घेत असत. रस्ते धुळीचे, पायांत उघड्या वहाणा. तेव्हा जेवणापूर्वी पाय धुणं ही गरजच होती, आणि दुसऱ्याचे पाय धुणं हे घरातल्या गुलामाचं काम होतं. यहुदी गुरुपरंपरेत असं म्हटलं आहे की शिष्याने गुरूसाठी गुलामाची सगळी कामं करावीत, एक सोडून: गुरूच्या वहाणांचा बंद सोडू नये. पायाशी जोडलेलं काम इतकं हलकं मानलं जाई. बाप्तिस्मा करणारा योहान जेव्हा म्हणतो की येशूच्या वहाणांचा बंद सोडायचीही माझी लायकी नाही, तेव्हा तो स्वतःला शिष्याच्या पायरीच्याही खाली ठेवत असतो.

या पार्श्वभूमीवर जेवण चालू असताना येशू उठतो. अंगावरचं वरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन त्या रुमालाने पुसू लागतो.

ही कृती आपल्याला ओळखीची असते. तिच्या आधीचं वाक्य मात्र बहुतेक वेळा निसटतं. शुभवर्तमानकार योहान लिहितो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशू जाणून होता. म्हणून तो उठला. मी हा अध्याय वाचताना दर वेळी इथे थांबतो. सर्व काही हाती आलेला माणूस पुढच्या क्षणी काय करेल? आज्ञा देईल, हिशेब चुकते करेल, निदान आपल्याला दगा देणाऱ्याला दाराबाहेर काढेल. दगा देणारा यहूदा तिथेच बसलेला आहे, हे येशूला माहीत आहे. आणि सर्व काही ज्या हातांत आहे, ते हात यहूदाचेही पाय धुतात.

म्हणजे सत्ता नसल्यामुळे केलेलं हे काम नाही. सत्ता पुरेपूर असताना, ती आहे याची जाणीव असताना, तिचाच हा वापर आहे. पाय धुऊन झाल्यावर तो वस्त्र पुन्हा अंगावर घेतो, बसतो आणि म्हणतो: तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते बरोबर आहे, कारण मी तो आहे. तो पद नाकारत नाही, "मी कोण, मी तर साधा माणूस" असं म्हणत नाही. मी प्रभू आहे आणि मी तुमचे पाय धुतले, ही दोन वाक्यं तो शेजारी शेजारी ठेवतो आणि शिष्यांना सांगतो की तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत.

योहानाची भाषा इथे फार सूक्ष्म आहे. वस्त्र 'काढून ठेवलं' आणि पुन्हा 'घेतलं' यासाठी त्याने मूळ ग्रीकमध्ये जी क्रियापदं वापरली आहेत, तीच दहाव्या अध्यायात येशूच्या तोंडी येतात: मी आपला प्राण ठेवतो, तो पुन्हा घेण्यासाठी. कोणी तो माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, तो देण्याचा मला अधिकार आहे. 'अधिकार' हा शब्द नीट पाहावा. स्वतःचा प्राण देऊन टाकण्याला तो हतबलता म्हणत नाही, अधिकार म्हणतो. पाय धुण्याचा प्रसंग म्हणजे दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर जे घडणार होतं त्याचीच आदल्या रात्री दाखवलेली लहान प्रत आहे, असं ख्रिस्ती वाचक मानतात ते यामुळे.

मग येतो पेत्र, बारा शिष्यांतला अग्रणी. पेत्र पाय मागे घेतो: तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. वरवर पाहता ही नम्रता आहे. पण उतरंड मोडली की खालच्या पायरीवरच्यालाही भोवळ येते. गुरू खाली बसला तर मी कुठे बसायचं? शिवाय आज तो बसला तर उद्या मलाही कुणापुढे बसावं लागेल. येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अनेक चर्चमध्ये आजही धर्मगुरू काही जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्यांत माझं नाव होतं. मी घरून पाय दोनदा घासून, नखं कापून गेलो. खुर्चीत बसल्यावर, वयाने माझ्याहून खूप मोठा माणूस गुडघ्यांवर टेकताना पाहिला आणि पेत्र कळला. सेवा करणं मला जमलं असतं. आपला खरा, भेगाळलेला पाय कुणाच्या हातात देणं जड जात होतं. सेवा घेण्यात आपली गरज उघडी पडते. जो कधीच कुणाकडून काही घेत नाही, फक्त देतच राहतो, तो उंचावरच असतो, त्याच्या हाती दानाची पळी असली तरी.

रस्त्यावरचा वाद

शिष्यांना हे पटकन कळलं नव्हतं. मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या ते दहाव्या अध्यायापर्यंत येशू तीन वेळा सांगतो की मला दुःख भोगावं लागेल आणि जिवे मारलं जाईल. तिन्ही वेळा पाठोपाठ शिष्यांचा काहीतरी गोंधळ होतो. पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा, वाटेत कशाबद्दल वाद घालत होता असं येशू विचारतो तेव्हा ते गप्प बसतात, कारण आपल्यात मोठा कोण यावर त्यांचं वाजलेलं असतं. तिसऱ्यांदा जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे दोन शिष्य येऊन थेट मागणी करतात: तुझ्या गौरवात आम्हाला एकाला तुझ्या उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. मत्तयाच्या सांगण्यात ही मागणी त्यांची आई करते. बाकीचे दहा जण चिडतात, आणि ते तत्त्वासाठी चिडले असतील असं वाटत नाही.

तेव्हा येशू म्हणतो: परराष्ट्रीयांचे, म्हणजे यहुदी नसलेल्यांचे, सत्ताधारी त्यांच्यावर धनीपण करतात, त्यांच्यातले मोठे लोक अधिकार गाजवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यात तसं नाही. तुमच्यात ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने तुमचा सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचं आहे त्याने सर्वांचा दास व्हावं.

इथे मोठं होण्याच्या इच्छेला तो झिडकारत नाही. मोठं व्हायचं आहे ना? मग ही वाट आहे, असं सांगतो. 'सेवक' यासाठी मूळ शब्द 'दियाकोनोस', म्हणजे इतरांच्या पानावर वाढणारा, निरोप नेणारा, दुसऱ्याने सोपवलेलं काम करणारा. चर्चमधलं 'डीकन' हे पद त्यातूनच आलं. 'दास' यासाठी 'दूलोस', म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम. आपण 'दास' हा शब्द भक्तीच्या भाषेत इतका ऐकलेला असतो की त्यातला साखळदंड जाणवत नाही. त्या शिष्यांना तो नक्की जाणवला असेल. गुलाम त्यांनी रोज पाहिलेले होते.

त्यानंतरचं वाक्य या सगळ्याचं मूळ आहे: मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असं म्हणतो) सेवा करून घ्यायला आला नाही, तो सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला. मराठी बायबलमध्ये 'खंडणी' हाच शब्द आहे, आणि आजच्या वाचकाला तो दचकवतो, कारण आपल्याकडे खंडणी गुंड उकळतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम असा आहे. म्हणजे ही सेवा कुणाला तरी मोकळं करण्यासाठी आहे. ज्या सेवेने समोरचा माणूस मोकळा होत नाही, कायम आपल्या उपकारांत बांधलेला राहतो, ती या वाक्यातली सेवा नव्हे.

लूक हाच संवाद शेवटच्या जेवणाच्या वेळी ठेवतो आणि त्यात एक टोचणी देतो: जे लोकांवर अधिकार गाजवतात त्यांना 'उपकारकर्ते' म्हणतात. हा त्या काळचा खराखुरा किताब होता. इजिप्तच्या टॉलेमी राजांपैकी दोघांनी 'युएर्गेतेस', म्हणजे उपकारकर्ता, हे बिरुद लावलं होतं. रयतेकडून घ्यायचं, त्यातलं थोडं वाटायचं आणि आपलं नाव दगडावर कोरून घ्यायचं. सेवेचं नाव घेऊन सत्ता गाजवता येते, हे येशूला पुरतं माहीत होतं.

याकोब आणि योहानाने मागितलेल्या उजव्या-डाव्या जागा पुढे मार्क पुन्हा एकदा दाखवतो. येशूला वधस्तंभावर खिळलं जातं तेव्हा त्याच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन लुटारू असतात. "तुम्ही काय मागत आहात हे तुम्हाला कळत नाही," असं तो का म्हणाला होता ते तिथे उमगतं.

मार्कमधली आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसली नव्हती, आणि दिसल्यापासून ती मनातून जात नाही. 'सेवा करणे' हे क्रियापद त्याने चारच ठिकाणी वापरलं आहे. अरण्यात देवदूत येशूची सेवा करतात. पेत्राची सासू तापातून बरी झाल्यावर सेवा करू लागते. मनुष्याचा पुत्र सेवा करायला आला, असं येशू स्वतःविषयी सांगतो. आणि शेवटी वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या, गालील प्रांतापासून त्याची सेवा करत आलेल्या स्त्रिया. देवदूत, स्त्रिया आणि येशू. मोठं कोण यावर वाद घालणाऱ्या बारा जणांपैकी एकाही पुरुषासाठी मार्कने हे क्रियापद वापरलेलं नाही.

'असूनही' की 'असल्यामुळे'?

या विचाराचा सगळ्यात खोल भाग एका पत्रात आहे. ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याने तुरुंगातून फिलिप्पै इथल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, ते लिहिलं. फिलिप्पै ही रोमची वसाहत. इसवी सनपूर्व ४२ मधल्या प्रसिद्ध लढाईनंतर तिथे निवृत्त रोमन सैनिक वसवले गेले. मानमरातब, पदांची चढती माळ, शिलालेखांत कोरलेल्या पदव्या यांना त्या गावात फार किंमत होती. अशा लोकांना पौल ख्रिस्ताविषयी लिहितो तेव्हा पदांची माळ उलटी, उतरत जाणारी होते: तो देवाच्या स्वरूपाचा होता, त्याने देवाच्या बरोबरीचं असणं घट्ट धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप घेतलं, मरण सोसलं, आणि तेही वधस्तंभावरचं मरण.

वधस्तंभ हा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना दिला जाणारा मृत्युदंड होता. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड इसवी सनपूर्व ७१ मध्ये चिरडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सुमारे ६,००० जणांना असं खिळलं गेलं. साम्राज्याची सत्ता काय असते, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. पौल म्हणतो की देव त्या रांगेत जाऊन उभा राहिला.

आता एक बारकावा. ग्रीक वाक्याची रचना अशी आहे की तिचे दोन अर्थ लागू शकतात. "तो देवस्वरूप *असूनही* त्याने स्वतःला रिक्त केलं" असा एक. "तो देवस्वरूप *असल्यामुळे* त्याने स्वतःला रिक्त केलं" असा दुसरा. पहिल्या अर्थाने, देवाचा मूळ स्वभाव सिंहासनावर बसण्याचाच आहे, आणि येशूच्या आयुष्यात त्याने थोडा काळ वेगळं वागून दाखवलं. दुसऱ्या अर्थाने, खाली येणं हाच देवाचा स्वभाव आहे. भाषांतरांत बहुधा पहिला अर्थ दिसतो. मला दुसरा खरा वाटतो, आणि तसं मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत.

या एका शब्दाने सत्तेची कल्पनाच पालटते. 'असूनही' धरलं तर सेवा हा वेषांतराचा खेळ होतो. राजा भिकाऱ्याच्या वेषात नगरात फिरतो, पण गोष्टीच्या शेवटी मुकुट घालून आपण राजा असल्याचं सिद्ध करतोच. 'असल्यामुळे' धरलं तर वेष वगैरे काही नव्हता. रुमाल बांधलेला माणूस हाच देवाचा खरा चेहरा. मग 'सर्वसमर्थ' या शब्दाचा अर्थही, वाटेल ते करवून घेऊ शकणारा असा राहत नाही. यहूदाचे पाय धुऊनही ज्याचं प्रेम संपत नाही, ज्याला मारून टाकलं तरी ज्याचं देणं थांबत नाही, तो सर्वसमर्थ.

हे कुणाला सांगितलं आहे?

माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे, आणि नेमका हाच प्रश्न सहसा विचारला जात नाही.

"सर्वांचा दास व्हा" हे येशू कुणाला म्हणाला? गौरवाच्या जागा मागणाऱ्यांना. पाय धुण्याची आज्ञा कुणाला दिली? पुढे ज्यांच्या हाती मंडळीचा कारभार जाणार होता त्यांना. आंधळ्या बार्तीमयाला तो "दास हो" म्हणत नाही, "मी तुझ्यासाठी काय करावं?" असं विचारतो. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला तो "नम्र राहा" म्हणत नाही, तिला "मुली" म्हणून हाक मारतो आणि सर्वांसमक्ष तिचा विश्वास वाखाणतो. जे आधीच खाली आहेत त्यांना तो उभं करतो. उतरायला सांगतो ते वर बसलेल्यांना.

पत्ता बदलला की हीच शिकवण विष होते, आणि इतिहासात हे वारंवार झालं. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांना पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांतलं "दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा" हे वाक्य फार प्रिय होतं. तेच वाक्य गुलामांना पुन्हा पुन्हा ऐकवलं जाई. गुलामांनी मात्र त्याच बायबलमधून इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या, दास्यातून सुटलेल्या इस्राएली लोकांची कहाणी उचलली आणि तिची गाणी केली. मार खाणाऱ्या बायकोला "हा तुझा वधस्तंभ आहे, तो सोस" असं सांगणारे धर्मोपदेशकही होऊन गेले, आजही आहेत. हे सांगणाऱ्याने वधस्तंभाची गोष्ट उलटी वाचलेली असते. त्या गोष्टीत खिळे ठोकणाऱ्याच्या बाजूने देव नाही.

१९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने एक महत्त्वाचा आक्षेप मांडला. धर्मशास्त्र लिहिणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे त्यांना गर्व हे मुख्य पाप वाटलं आणि स्वतःला विसरणं हा त्यावरचा उपाय. पण ज्या स्त्रीला लहानपणापासून स्वतःला विसरायलाच शिकवलं, तिला आणखी विसरायला सांगण्यात काय अर्थ? तिच्यापुढचा धोका स्वतःचं असं काही न उरण्याचा आहे. हा आक्षेप मला पूर्ण पटतो, आणि तो शुभवर्तमानाच्या विरोधातला वाटत नाही. देण्यासाठी आधी जवळ काही असावं लागतं. "कोणी माझा प्राण हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो." हिरावून घेतलेल्याला दान म्हणत नाहीत.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ मध्ये दुसऱ्या बाजूने हल्ला केला होता: नम्रता, दया हे दुबळ्यांनी आपल्या लाचारीला दिलेलं गोंडस नाव आहे, त्यामागे बलवानांविषयीची जळजळ आहे. अशी नम्रता असते, हे कबूल करायला हवं. न जमलेल्या गोष्टीला त्याग म्हणणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण "पित्याने सर्व काही हाती दिलं आहे हे जाणून" उठलेल्या माणसाला हे लागू होत नाही. त्याच्या हाती नाही असं काही उरलेलंच नव्हतं.

नम्र असणं म्हणजे गप्प बसणं, हाही असाच एक गैरसमज. अटकेनंतर महायाजकासमोर, म्हणजे यहुद्यांच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यासमोर, एक शिपाई येशूला थोबाडीत मारतो. येशू म्हणतो: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज चढवलेला नाही, हात उगारलेला नाही, पण जाब विचारलेला आहे. गालीलचा शासक हेरोद याला तो 'कोल्हा' म्हणतो. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकतो. आणि रोमचा सुभेदार पिलात, "तुला सोडायचा आणि वधस्तंभावर द्यायचा अधिकार मला आहे, ठाऊक नाही का?" असं दरडावतो तेव्हा उत्तर येतं: तुला वरून दिला गेला नसता तर तुझा माझ्यावर काहीच अधिकार चालला नसता. म्हणजे तुझ्याकडे आहे ती ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

मंडळीने याचं काय केलं

चौथ्या शतकात रोमच्या सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला आधी अभय आणि ३८० मध्ये राजधर्माची जागा दिली. त्यानंतर सत्तेविषयी ही शिकवण देणाऱ्या मंडळीच्या हाती स्वतःच सत्ता आली. परीक्षा तिथून सुरू झाली.

पोप पहिले ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवत. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूने, जगभरच्या मंडळीवरचा मोठेपणा सुचवणारा किताब वापरला तेव्हा ग्रेगरींनी त्याला तीव्र विरोध केला होता. पुढे हे 'सेवकांचा सेवक' सगळ्या पोपांच्या फर्मानांवर छापील बिरुदासारखं येऊ लागलं. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी क्षमेची वाट पाहत उभा होता, तेव्हा आत असलेल्या पोप सातव्या ग्रेगरींच्या पत्रांवरही हेच शब्द असत. शब्द खाली बसलेला आणि माणूस वर, असं होऊ शकतं. 'मिनिस्टर' या शब्दाचंही तेच झालं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नोकर. 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून 'मिनिस्टर'; 'मागिस' म्हणजे अधिक, त्यावरून 'मागिस्टर', जो पुढे 'मास्टर' झाला. आज मिनिस्टर म्हटल्यावर कुणाच्या मनात नोकर येतो?

ज्यांनी शब्दावर न थांबता व्यवस्था बदलली त्यांच्याकडे मला अधिक आशेने पाहावंसं वाटतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत स्वयंपाकघरात वाढण्याचं काम आठवड्याच्या पाळीने जवळजवळ प्रत्येकाला येतं. पाळी संपवणारा आणि सुरू करणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मठाधिपतीने सर्वांना बोलवून मत विचारायचं, कारण पुष्कळदा प्रभू सर्वांत लहानालाच योग्य ते सुचवतो, असं कारणही तिथे लिहिलेलं आहे. अंतिम निर्णय मठाधिपतीचाच. पण तो ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि आपल्या प्रत्येक माणसाबद्दल देवापुढे जाब द्यायचा आहे हे लक्षात ठेवून घ्यायचा. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या बंधूंना 'लहान भाऊ' हे नाव दिलं, १२२१ च्या नियमावलीत कुणालाही वरिष्ठपणाची पदवी घ्यायला मनाई केली आणि प्रमुखांसाठी 'मिनिस्टर' हा शब्द त्याच्या मूळ, नोकराच्या अर्थाने वापरला.

अलीकडच्या काळात पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण सुदानच्या परस्परविरोधी नेत्यांपुढे वाकून, शांतता टिकवा अशी विनवणी करत त्यांनी त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं. ८२ वर्षांच्या, चालायला त्रास होणाऱ्या माणसाने. ते पाहताना माझे डोळे भरून आले होते. पण याच वर्षांत चर्चमधल्या बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांची आणि ते दडपणाऱ्या वरिष्ठांची प्रकरणं एकामागून एक उघडी पडत होती, हेही विसरता येत नाही. फ्रान्सिस यांनी स्वतः २०१८ च्या पत्रात त्याचं एक मूळ सांगितलं: धर्मगुरूंना इतरांहून वेगळं आणि वरचं समजणारी वृत्ती. वर्षातून एक दिवस बारा जणांचे पाय धुणं आणि उरलेले दिवस कुणालाही प्रश्न विचारू न देणं, हे एकाच माणसाला जमू शकतं. म्हणून सत्ता ख्रिस्ताच्या रीतीने वापरली जाते की नाही हे पाहायचं असेल तर मी रुमालाकडे कमी पाहतो. हिशेब कोण मागू शकतो, तक्रार कुठे जाते, चूक झाली तर खुर्चीवरचा माणूस माफी मागतो का, आणि त्याच्या हाताखालची माणसं काळाबरोबर मोठी होतात की अधिकाधिक त्याच्यावर अवलंबून राहतात, ते पाहतो.

पेत्राच्या नावाने असलेल्या पत्रात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगितलं आहे की तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण करू नका. 'धनीपण करणे' यासाठी तिथे जे ग्रीक क्रियापद आहे, ते मार्कमध्ये येशूने परराष्ट्रीयांच्या सत्ताधाऱ्यांसाठी वापरलेलंच आहे. पाय मागे घेणारा पेत्र कुठून कुठे आला ते त्यात दिसतं.

तो तिथे कसा आला, याची गोष्ट योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. येशू मेलेल्यांतून उठला आहे. वेषांतर असतं तर मुकुट चढवायची वेळ हीच होती. रात्रभर जाळी टाकून शिष्यांच्या हाती काही लागलेलं नाही, पहाटे त्याच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं मात्र माशांनी भरलं आहे, आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवलेली, शेजारी भाकर. या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव याआधी एकदाच आला आहे: महायाजकाच्या अंगणात, जिथे अटकेच्या रात्री पेत्र शेकत उभा होता आणि आपण येशूचे शिष्य असल्याचं त्याने तीनदा नाकारलं होतं. आता त्याच पेत्राला तो न्याहारीला बोलावतो: या, खा. खाणं झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि तीनदा काम सोपवतो. पद, जागा, उजवी-डावी यांतलं काही निघत नाही. माझी मेंढरं चार, एवढंच. पेत्राने चारायची, पण 'माझी'.